रसिक व्हिडिओची शेवटची कॅसेट

"वैनी, ती देवीची कॅसेट द्या," कस्तुरा म्हणाली आणि नेहमीसारखे दोन्ही हात काउंटरवर ठेवून उभी राहिली.

मी स्टुलावर चढून सुताराला फळीचं माप दाखवत होते. दुकानभर भुसा उडत होता. तिनं मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि तिचे हात हळूच काउंटरवरून खाली आले. जिथं छतापर्यंत कॅसेटी रचलेल्या असायच्या, तिथं आता चुन्यावर फळ्यांच्या काळ्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या.

"कॅसेटी कुटं हायत?"

"गेल्या. सगळ्या विकून टाकल्या," मी उतरत म्हणाले. "आता सीडीचं राज्य आलंय बाई. तुझी देवीपण गेली. एवढी पारायणं झाली, आता एखादा मारामारीचा पिक्चर बघ की!"

मला वाटलं, हसेल. ती उंबऱ्यावर मटकन बसली.

मी तोंडाची फटकळ आहे हे आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, त्यामुळे माझ्या बोलण्याचं कुणी फार मनावर घेत नसे. पण कस्तुराचा चेहरा बघून माझंच चुकलं की काय असं वाटून मी माठातलं पाणी आणलं. तिनं तांब्या हातात धरला, पाणी काही प्यायली नाही.

तासगावात स्टँडमागच्या गल्लीत आमची 'रसिक व्हिडिओ' लायब्ररी होती. आमचे हे, म्हणजे शशिकांत, व्हीसीआर आणि टीव्हीचे सेट घेऊन खेडोपाडी भाड्यानं लावायला जायचे आणि दुकानात मी बसायचे. आधी केबल आली, तिनं अर्धं गिऱ्हाईक नेलं. मग सीडी आली. लोक दारातूनच विचारायचे, "सीडी आहे का?" आणि मी कॅसेट पुढे केली की शिळी भाकरी वाढल्यासारखी तोंडं करायचे. कॉलेजातली मुलं टीव्हीला जोडायचा गेम मागायची. शेवटी यांनी ठरवलं की कॅसेटी काढायच्या आणि सीड्या, गेम भरायचे. मी भांड भांड भांडले. पण माझ्या भांडणात दम नव्हता, हे मलाही कळत होतं.

कस्तुरा जतकडची. द्राक्षाच्या कामाला म्हणून सावळगावला आली आणि तिथंच राहिली. नवरा वारल्यापासून लहान मुलीला घेऊन तासगावात एका खोलीत राहायची, बेदाण्याच्या शेडवर माल निवडायला जायची. मधूनमधून दुकानात येऊन 'महिमा नागझरीचा' ही एकच कॅसेट न्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायची. तिच्याशिवाय तो पिक्चर कुणी नेल्याचं मला आठवत नाही. मी तिला देवभोळी समजत होते.

"वैनी," ती सुताराकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "त्यात पिक्चर न्हाई."

मी सुताराला चहाला पिटाळलं. "मग काय आहे त्यात?"

"माझं लगीन हाय."

मला आधी काही उमगेना. मग तिनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. सावळगावच्या जमदाड्यांच्या बागेत ती कामाला होती. तिथल्या धाकट्या भावाचं, दिनकरचं, तिच्यावर मन बसलं. डोंगरावरच्या देवळात चार माणसांत लग्न झालं. दिनकरनं हौसेनं मिरजेचा कॅमेरावाला आणला होता. मुलगी झाली, संसार बरा चालला आणि एके दिवशी ट्रॅक्टर उलटून दिनकर गेला. तेरावं झालं तसा थोरला भाऊ, रंगराव, दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, लग्नाचे फोटो अन् कॅसेट दे.

"आणि तू दिलीस?"

"फोटू दिलं. त्यांनी माझ्यासमोर चुलीत घातलं." तिनं डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "पर कॅसेट दिली ती तुमची. माझ्यासाटनं ह्यांनी तुमच्याकडनं देवीचा पिक्चर आणला हुता, तो घरात पडलेला. लग्नाच्या डब्यात मी पिक्चर भरला आन् पिक्चरच्या डब्यात लगीन. जळाली ती देवी."

"आणि तुझं लग्न माझ्या फळीवर आणून ठेवलंस!"

"घरात कुटं ठेवू? घराची झडती घेतली त्यांनी. आन् तो पिक्चर कोण नेत न्हाई, तुमीच म्हणाला हुता की वैनी. मदनंमदनं घरी न्यायाची. उशाला घिऊन झोपायाची."

"बघायची नाहीस?"

"माझ्याकडं टीवी कुटाय?"

तेव्हा मला स्वतःचाच राग आला. इतक्या वेळा ती कॅसेट मी तिच्या हातात दिली, पण तिच्याकडे बघायला काही आहे का, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

दुखणं त्यापुढचं होतं. रंगराव म्हणत होता की लग्न झालंच नाही, ही बागेत कामाला ठेवलेली बाई. म्हणजे तिला आणि मुलीला बागेत वाटा नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलीला बापाचं नाव नाही. देवळाच्या पुजाऱ्याला काही आठवत नव्हतं, मिरजेचा कॅमेरावाला साक्षीला यायला तयार नव्हता. दावा चालू होता आणि उद्या कोर्टात रंगरावची उलटतपासणी होती. तिच्या वकिलांनी सांगून ठेवलं होतं की कॅसेट असेल तर त्याच दिवशी बाहेर काढायची, आधी कुणाला वास लागू द्यायचा नाही.

"अगं बये, मला सांगितलं असतंस तर दोन कॉप्या काढून दिल्या असत्या!"

"तुमच्या दुकानात सगळा तालुका येतो," ती म्हणाली.

एवढ्यात आमचे हे स्कूटरवरून आले, हँडलला नव्या सीड्यांची पिशवी, तोंडावर आनंदीआनंद. मी विचारलं, "देवादिकांच्या कॅसेटी कुणाला दिल्यात?"

"सगळं एकाच माणसाला दिलं. बागाईतदार आहे. पाखरांसाठी."

आमच्याकडे हे तेव्हा सगळेच करत. द्राक्षात साखर भरली की साळुंक्या, बुलबुल, पोपट बागेवर तुटून पडतात. कॅसेट फोडायची, आतली काळी फीत ओढून काढायची आणि बागेवरून खांबाखांबांना ताणून बांधायची. वाऱ्यानं ती घूं घूं वाजते, उन्हात चमकते आणि पाखरं बिचकतात.

"कोण बागाईतदार?"

"सावळगावचे रंगराव जमदाडे. काल संध्याकाळी टेम्पो भरून नेला."

कस्तुरानं तोंडाला पदर लावला. जे जाळून टाकलं असं रंगरावला वाटत होतं, ते त्यानं स्वतःच घरी नेलं होतं.

मी यांना सगळं सांगितलं. हे खुर्चीत बसले. "हेमा, रंगरावदादा म्हणजे आपलं मोठं गिऱ्हाईक. दर गणपतीला मोठा पडदा आपलाच लागतो तिथं. भाऊबंदकीच्या भानगडीत आपण कशाला..."

"तुम्ही उठता का मी एसटीनं जाऊ?"

हे उठले. कस्तुराला सोबत नेणं शक्यच नव्हतं. तिला दुकानात बसवलं. निघताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "वैनी, कॅसेटच्या पोटाला मी कुंकवाचं बोट लावलंय. वळख म्हणून."

स्कूटरवर मी यांच्या पाठीशी बसून एकच गोष्ट मनात घोळवत होते. कुंकू लावलेली कॅसेट रंगरावच्या नजरेला पडली तर तो काय समजेल? आणि समजला, तर चूल पेटलेलीच असेल.

सावळगावच्या वळणावरूनच ती बाग दिसली. अख्ख्या बागेवर काळ्या फिती ताणलेल्या होत्या आणि त्यांच्या घुमण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. कुठल्या देवाचं ते आठवत नाही, बहुतेक नागझरीच्या देवीचंच.

शेडपुढे बायका गोल करून बसल्या होत्या. एकेक कॅसेट दगडावर आपटायच्या, फोडायच्या, रीळ काढून गड्यांच्या हातात द्यायच्या. रंगराव खुर्ची टाकून मध्ये बसला होता. पांढरी टोपी, भरघोस मिशा, मांडीवर द्राक्षांचा घड. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला.

"या शशीभाऊ! वैनीसायब पण? या या. अगं, च्या टाका!"

माझी नजर ढिगाऱ्यावर होती. एका बाजूला फुटलेली टरफलं, दुसऱ्या बाजूला रिकामे डबे. देवीचं चित्र असलेला 'महिमा नागझरीचा'चा डबा मला तिथं दिसला. उघडा, रिकामा.

मी वाकून टरफलं चाळायला लागले. लाज सोडली होती. एका काळ्या टरफलाच्या पोटावर लाल ठिपका दिसला. आत दोन्ही रिळं नव्हती.

"ही..." मी शेजारच्या बाईला विचारलं, "ही कुठं बांधली?"

"ती व्हय? आत्ताच नेली बघा. त्या कोपऱ्याला, हिरीकडच्या वळीत."

"काय हुडकताय वैनी?" रंगराव माझ्यामागं येऊन उभा होता.

मी टरफल हातात घेतलं, ठिपका तळव्याखाली झाकून. "दादा, एक कॅसेट चुकून तुमच्याकडे आली. ती पिक्चरची नव्हती."

"मग कशाची?"

"लग्नाची."

तो थांबला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, निदान मला तसं वाटलं. "कुणाच्या लग्नाची?"

आमचे हे खोटं बोलायला अगदी कच्चे. त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं आणि ते काही बोलायच्या आत मी म्हणाले, "माझ्या."

आणि मग मला रडू कोसळलं. खोटं नव्हे, खरं रडू. कारण कॅसेटच्या पाठीला एक बारकी प्लास्टिकची खिट्टी असते. ती मोडली की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, जपायच्या कॅसेटीची ती मोडून टाकायची असते. आमच्या लग्नाच्या कॅसेटीची मी स्वतः मोडली होती. पण एकदा कोऱ्या कॅसेटी संपल्या, गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तेव्हा यांनी त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि माझ्या लग्नावर एक हाणामारीचा पिक्चर भरला. माझे वडील त्या लग्नात नाचले होते. पुढच्याच वर्षी ते गेले. त्या पिक्चरमध्ये कुठंतरी चित्र सरकेल, खालचे वडील दिसतील म्हणून मी तो तीनदा बघितला होता. यातलं एक अक्षर मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बागेत, त्या परक्या माणसासमोर, सगळं सांगितलं. फक्त पुसलं गेलं म्हणण्याऐवजी विकलं गेलं म्हणाले.

रंगरावनं आमच्या ह्यांच्याकडे असं बघितलं की हे दोन पावलं मागं सरले.

"शशीभाऊ, गड्या, बायकूचं लगीन पाखरास्नी घातलंस व्हय? त्यात सासरा नाचतोय आन् तू..." मग तो बागेकडे वळून ओरडला, "ए, हिरीकडची वळ सोडा! वडू नगासा, तुटल. गाठी सोडा फकस्त!"

आणि तो स्वतः चपला काढून ओळीत शिरला. मी त्याच्यामागं धावले. गडी खांबाखांबांच्या गाठी सोडत होते. मी रिकामं रीळ बोटावर धरून फिरवत होते, आमचे हे फितीला पीळ पडू नये म्हणून वाकून बघत होते आणि मी पदराच्या टोकानं तिच्यावरची धूळ पुसत होते. फीत माझ्या हातात देत होता तो रंगराव. एवढे मोठे, राठ हात, पण दोन बोटांत ती काळी पट्टी त्यानं अशी धरली होती की एकदाही ती तुटली नाही. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. हातात काय आहे हे ठाऊक असतं तर याच बोटांनी त्यानं काय केलं असतं, हेच डोक्यात येत होतं.

"माणूस जातं वैनी," तो एकदम म्हणाला. "मग एवढंच ऱ्हातं."

मी रीळ फिरवत राहिले.

"आमच्या दिनूची एक हुती. धाकटा भाऊ माझा. आईमागं मीच वाढीवला त्याला." त्याचा आवाज खाली आला. "मी जाळली ती. रागाच्या भरात. आता वाटतं, निदान त्यो हसतो कसा ते तरी बघाय मिळालं असतं."

माझ्या हातातलं रीळ क्षणभर थांबलं. मी मान वर केली असती तर सगळं सांगून टाकलं असतं, इतका तो माणूस त्या वेळी पोरका दिसत होता. पण दुकानात उंबऱ्यावर बसलेली कस्तुरा मला आठवली आणि उद्या हाच माणूस काय शपथ घेणार आहे तेही आठवलं. मी पुन्हा बोट फिरवायला लागले.

शेवटचं टोक हाती आलं. मी रीळ पदरात गुंडाळलं आणि रंगराव म्हणाला, "चला घरात. माझ्याकडं वीसीआर हाय. दुसऱ्या कॅसेटीत घालून लावून बघूया, वडील दिसत्यात का."

नाही कसं म्हणायचं? आणि का नाही म्हणायचं? मी यांच्याकडे बघितलं, पण आशेनं नाही, सवयीनं.

आमच्या ह्यांनी घसा खाकरला. "नको दादा. आता अजिबात नको," ते म्हणाले, आणि आवाज इतका ठाम होता की मीच चमकले. "हिच्यावर धूळ आहे, औषधाची फवारणी आहे. मशीनमध्ये घातली की हेड गेलंच समजा. तुमचं मशीनपण जाईल आणि चुरगळलेली फीत आत अडकली तर हिचं लग्नपण. दुकानात नेऊन स्पिरिटनं पुसतो, जोड लावतो, मगच. हिच्या वडिलांची आहे, दादा. मी एकदा चुकलोय, आता चुकायचं नाही."

रंगरावनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बोललास ते बरं केलंस," तो म्हणाला, आणि वरून आम्हाला द्राक्षांची पेटी दिली.

दुकानात परत आलो तेव्हा कस्तुरा होती तिथंच बसली होती. मी रीळ तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

दुपारभर हे खाली मान घालून बसले. फीत स्पिरिटनं पुसली, चुरगळलेले तुकडे कापले, जोड लावले आणि दुसऱ्या कॅसेटीचं पोट उघडून त्यात ती भरली. सुताराला सुट्टी दिली होती. शटर अर्धं ओढलं होतं. यांनी कॅसेट मशीनमध्ये सरकवली आणि आम्ही तिघं जमिनीवर बसलो.

आधी पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग चित्र गरगर फिरलं, एक देवळाची पायरी दिसली आणि गेली. कस्तुरा पुटपुटत होती, "दिसल, दिसल." मग खरखर कमी झाली. मुंडावळ्या बांधलेला एक तरुण, गालात हसू मावत नाही असा. कस्तुरानं पुढं सरकून पडद्याला बोट लावलं. त्याच्यासमोर आंतरपाट. कॅमेरा आंतरपाटाच्या कडेवरून सरकत टोक धरणाऱ्या हाताकडे गेला, राठ, मोठ्या हाताकडे, आणि मग वर. रंगराव. मिशा तेव्हा काळ्या होत्या. तो कॅमेऱ्याकडे बघून ओरडला आणि मंगलाष्टकांच्या वरताण त्याचा आवाज अगदी स्वच्छ आला:

"ए, माझं काय घेतूस? माझ्या भावाला नीट घे की!"

पुढे पुन्हा मुंग्या. एवढाच तुकडा वाचला होता. आमचे हे म्हणाले, "बास. एवढं पुरे आहे." आणि त्यांनी कॅसेटच्या पाठीची खिट्टी मोडून टाकली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात व्हीसीआर आणि टीव्ही आम्हीच नेला. रसिक व्हिडिओचा सेट भाड्यानं गेला तो तेव्हा शेवटचा. रंगराव पिंजऱ्यात उभा राहून सांगत होता, "ती बाई बागंत कामाला हुती. लगीन झालं न्हाई. मी कुटल्या लग्नाला गेलो न्हाई." मला मागच्या बाकावर बघून तो जरा गोंधळला, पण त्याला काही उमगलं नाही. कस्तुराच्या वकिलांनी टीव्ही लावायची परवानगी मागितली. दोन्ही वकिलांची बरीच वादावादी झाली, मग जज्जसाहेबांनी मान हलवली.

मुंग्या, पायरी, खरखर. मी रंगरावकडे बघत होते. भाऊ पडद्यावर हसला तेव्हा त्यानं पिंजऱ्याचा कठडा धरला. स्वतःचा आवाज आला तरी त्याचं लक्ष तिकडे नव्हतंच.

वकिलांनी विचारलं, "आंतरपाट धरलेले गृहस्थ कोण?"

"जरा मागं घ्या," रंगराव म्हणाला.

"प्रश्नाचं उत्तर द्या."

"देतो की. आदी मागं घ्या. त्यो हसतोय तितं."

आमच्या ह्यांनी जज्जसाहेबांकडे बघितलं आणि फीत मागं घेतली. दिनकर पुन्हा हसला. रंगरावच्या वकिलांनी त्याला काहीतरी खूण केली, ती त्यानं बघितली नाही. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "मीच हाय त्यो. आंतरपाट मीच धरलाय. लगीन झालंय."

कस्तुरा माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मला आनंद झाला होता, भीतीही वाटत होती, आणि त्या माणसाची दयाही येत होती, तिन्ही एकाच वेळी.

बाहेर व्हरांड्यात तो माझ्यासमोर येऊन थांबला. "वैनी, तुमचं लगीन म्हणाला हुता."

"माझंही पुसलं गेलंय, दादा," मी म्हणाले. "ते खोटं नव्हतं."

तो पायऱ्या उतरून गेला.

पुढे वाटणी झाली, विहिरीकडची बाग कस्तुराला मिळाली. आमच्या दुकानाच्या नव्या फळ्या सीड्यांनी भरल्या आणि एके दिवशी रंगराव दारात आला. चपला बाहेर काढून. नेमकी कस्तुरा तेव्हा दुकानातच होती, कॅसेटची सीडी करून घ्यायला आलेली. त्यानं तिच्याकडे न बघता मला विचारलं, "वैनी, माझ्यासाटनं एक सीडी हुईल का? काय लागल ते देतो."

"सीडी हिची आहे. हिला विचारा."

तो खाली बघत उभा राहिला. कस्तुरानं हातातली कॅसेट काउंटरवर ठेवली. ती नाही म्हणाली असती तरी मला गैर वाटलं नसतं. मग ती मला म्हणाली, पण ऐकू जावं असं त्याला:

"वैनी, इकत न्हाई द्यायाची. भाड्यानं द्यायाची. बघू वाटलं की माझ्या दारात येऊन मागायाची, आन् दुसऱ्या दिशी परत आणून द्यायाची."

"आन् भाडं?" रंगरावनं पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं.

"पोरीला आत्या, मामामावश्या कोण न्हाई हितं. तिच्यासंगं घटकाभर बसायाचं."

त्याला वर्षं लोटली. केबल गेली, सीड्याही गेल्या, आमच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकतात. भाड्यानं पिक्चर नेतात हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. पण ते एक भाडं चालू आहे. रंगरावच्या घरचा सीडी प्लेअर बंद पडला की आमचे हे जुन्या प्लेअरांतले भाग काढून तो दुरुस्त करून देतात.

मागच्या वर्षी मी कस्तुराकडे गेले होते तेव्हा तो सीडी मागायला आला होता. काठी टेकत, धापा टाकत. कस्तुराची मुलगी आता बँकेत आहे. तिनं फोन काढला आणि म्हणाली, "आप्पा, एवढं चालत कशाला येताय? मी कधीच मोबाईलवर घेऊन ठेवलंय. तुमच्या फोनवर पाठवते, हवं तेव्हा बघा."

"नगं गं बाय," रंगराव घाईघाईनं म्हणाला. "मग मी यायाचं कशाला?"

कस्तुरानं कपाटातून सीडी काढली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, घटकाभर बसून चहा घेतला आणि निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती परत आणून दिली.